राजकारणाचा ओनामा

शाळेच्या वार्षिकासाठीं बालपणच्या चार आठवणी लिहून द्याव्या, अशी संपादक-मंडळाची आज्ञा झाली, तेव्हां आम्ही विषयाच्या शोधास लागलों. नदींतलें पोहणें, आमराईंतील चोऱ्या, परीक्षेचें भय आणि गुरुजींचा प्रसाद ह्या विषयांवर पूर्वींच्या अंकांतून पुष्कळ लिहून झालें आहे. राजकारणाची गोडी आपणांस प्रथम केव्हां व कशी लागली, ह्याविषयीं मात्र कोणी लिहीत नाहीं. तो शब्द घरांत उच्चारला कीं वडील मंडळी म्हणतात, "आधीं गणित सोडव, तें मोठ्या माणसांचें काम." आमच्या घरींही हेंच म्हणत. तथापि आमचा अनुभव असा आहे कीं, मुलानें राजकारणाकडे जाण्याची वाट राजकारण पाहत नाहीं. तें आपण होऊन घरांत शिरतें. शिंप्याच्या बंद दुकानांतून, कापसाच्या गाडींतून, वर्गांतील बाकावरून शिरतें. तें कसें, हेंच येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

आमचे वडील जळगांवांत एका सरकारी कचेरींत कारकून होते व आमचें आजोळ धुळ्यास होतें. ह्या दोन्ही शहरांचा जिल्हा पूर्वीं एकच होता. १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. जळगांव हें पूर्वेचें मुख्य ठाणें व धुळें हें पश्चिमेचें. पश्चिम खानदेशांतूनच पुढें १९९८ सालीं नंदुरबार जिल्हा निराळा झाला. सरकारी दप्तरांत भाग कितीही पडोत, आमच्या घरांत ते कधीं पडले नाहींत. सुटी लागली कीं एस. टी. च्या मोटारींत बसावें आणि पाळधी, एरंडोल, पारोळें करीत धुळ्यास जावें, हा आमचा नेम. त्या मोटारीच्या खिडकींतून दिसणाऱ्या भिंती हें आमचें पहिलें वर्तमानपत्र होय. चुन्यानें, गेरूनें आणि निळीनें रंगविलेलीं मोठमोठीं अक्षरें जोडतां जोडतां आम्हांस वाचतां येऊं लागलें. 'विजयी करा' हे आम्हीं स्वतः वाचलेले पहिले दोन शब्द, असें आई सांगत असे.

परंतु आमच्या स्मरणांतील पहिला राजकीय शब्द ह्याहून जुना आहे, आणि तो गोड नाहीं. तो शब्द 'कर्फ्यू'. १९७० सालच्या मे महिन्यांत भिवंडीपाठोपाठ जळगांवांतही हिंदु-मुसलमानांचा दंगा झाला. पुढें न्यायमूर्ति मादन ह्यांच्या आयोगानें त्याची चौकशी केली. आम्ही तेव्हां पांच वर्षांचे होतों. आम्हांस आठवतें तें एवढेंच कीं, उन्हाळा असूनही खिडक्या लावून घेतल्या होत्या, दूधवाला आला नव्हता, आणि वडील अंगणांत उभे राहून आकाशांतील धुराकडे पाहत होते. जून महिन्यांत आमचें नांव शाळेंत घालावयाचें होतें. गणवेश शिवण्यासाठीं कापड ज्या मुसलमान शिंप्याकडे टाकलें होतें, त्याचें दुकान उघडलेंच नाहीं. "शिंपीचाचा केव्हां येणार?" असें आम्हीं पुष्कळ वेळां विचारलें. शेवटीं दुसरें कापड आणून दुसऱ्याकडून गणवेश शिवून घेतला. तो मनुष्य पुढें कोठें गेला, तें आम्हांस कधींच कळलें नाहीं. तो आमच्या अंगाचें माप घेतांना तोंडांत टांचणी धरून हंसत असे, हें मात्र अजून डोळ्यांपुढें आहे. राजकारण हा खेळ आहे असें कोणी म्हणूं लागला म्हणजे आम्हांस तें दुकान आठवतें.

पुढील वर्षीं, १९७१ च्या मार्चांत, लोकसभेची निवडणूक झाली. ह्या वेळचें राजकारण मात्र आम्हां पोरांना जत्रेसारखें वाटलें. कर्णा लावलेल्या जीपगाड्या गल्लींतून फिरत व त्यांतून रंगीत कागद उधळले जात. आम्ही गाडीमागें धांवून ते गोळा करीत असूं. त्याहून मोलाची वस्तु म्हणजे बिल्ले. गायवासराचे दोन बिल्ले दिले कीं पणतीचा एक मिळे. कारण आमच्या गल्लींत पणतीचे बिल्ले कमी येत. कोणत्या चिन्हाचा अर्थ काय, ह्याचा आम्हांस पत्ताही नव्हता. ज्याच्या सदऱ्यावर अधिक बिल्ले तो मोठा पुढारी, इतकाच आमचा सिद्धांत होता. आणि एकाच सदऱ्यावर चार पक्ष गुण्यागोविंदानें नांदत असत.

चिन्हांचा अर्थ आम्हांस धुळ्याच्या आबांनीं, म्हणजे आईच्या वडिलांनीं, सांगितला. ते म्हणाले, "अरे, पहिल्या निवडणुकीच्या वेळीं देशांत शंभरांतील ऐंशींहून अधिक माणसांना अक्षर येत नव्हतें. त्यांनीं नांव वाचावें कसें? म्हणून बैलजोडी, झोपडी, दिवा." १९५१-५२ च्या त्या निवडणुकींत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे व तिच्यावर त्याचें चिन्ह डकविलेलें असे. मतपत्रिकेवर शिक्का मारावयाचा नव्हता. पडद्याआड जाऊन ती आपल्या पसंतीच्या पेटींत टाकावयाची, एवढेंच. ह्याच निवडणुकीची मतदारांची यादी करतांना एक मोठी अडचण आली होती. पुष्कळ स्त्रिया स्वतःचें नांव सांगेनात. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेंच सांगत. अशीं सुमारें २८ लक्ष नांवें देशभर यादींतून गाळावीं लागलीं. आमच्या आजीनें मात्र आपलें नांव स्वच्छ सांगितलें. तिची अडचण उलटी होती. नवऱ्याचें नांव घ्यावयाचें कसें? तें अखेर शेजारणीनें सांगितलें, आणि यादी पुरी झाली. ही गोष्ट आबा मोठ्या कौतुकानें सांगत व आजी चुलीपाशीं बसून ऐकून न ऐकल्यासारखें करी. ह्या आजीचा संबंध पुढें येणार आहे, म्हणून ती येथें मुद्दाम नमूद केली आहे.

आबांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठी घटना म्हणजे फैजपूरची काँग्रेस. यावल तालुक्यांतील फैजपूर हें केळीच्या मुलुखांतलें गांव. तेथें १९३६ च्या डिसेंबर महिन्यांत काँग्रेसचें अधिवेशन भरलें. खेड्यांत भरलेलें हें काँग्रेसचें पहिलें अधिवेशन. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. स्थानिक पुढाऱ्यांत धनाजी नाना चौधरी ह्यांनीं फार कष्ट घेतले. शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस ह्यांनीं बांबू आणि चटया अशा गांवच्याच वस्तूंनीं तेथील नगर सजविलें. शेतकऱ्यांच्या दृष्टीनें ह्या अधिवेशनाचें विशेष महत्त्व असें कीं, सारा, खंड व कर्ज ह्यांच्या भारांतून त्यांस सोडविण्याचा कार्यक्रम तेथें ठरावरूपानें मांडला गेला.

आबा तेव्हां सोळा वर्षांचे होते. घरीं न सांगतां मामाबरोबर निघाले, सावदें स्टेशनावर उतरले व पायीं फैजपुरास गेले. "तुम्हीं नेहरूंना पाहिलें?" असें आम्ही विचारीत असूं. ते म्हणत, "पाहिलें, पण पुष्कळ दुरून. मला आठवतात ते पाण्याचे हंडे." त्यांच्याकडे पाणी वाहण्याचें काम होतें. हंडा कोणी भरला व पेला कोणीं तोंडास लावला, हें विचारावयाचें नाहीं, असा तेथील दंडक होता. आबांच्या गांवांत तेव्हां विहिरी जातवार होत्या. "तीन दिवस सर्व जातींनीं एका हंड्यांतलें पाणी प्यालें आणि कोणाचें कांहीं बिघडलें नाहीं, हें मीं ह्या डोळ्यांनीं पाहिलें. भाषणें मी विसरलों." आबांचें सर्व राजकारण ह्या एका वाक्यांत होतें, असें आज वाटतें. तेव्हांपासून ते काँग्रेसचे झाले व पुढें चाळीस वर्षें अन्य कोणाचे झाले नाहींत.

आम्हांस राजकारणांत गति यावी म्हणून कीं काय, दैवानें दुसरा गुरु जळगांवासच ठेविला होता. हे गुरु म्हणजे आमचे काका. ते खेड्यावर शेती करीत. १९७२ सालीं महाराष्ट्र सरकारनें कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली. कापूस सरकारी केंद्रावरच घालावयाचा, बाहेर विकावयाचा नाहीं. व्यापारी शेतकऱ्याला नाडतो, तें टळावें हा हेतु. आणि हेतु वाईट नव्हता. परंतु हंगामांत जळगांवच्या जिनांबाहेर गाड्यांच्या लांबच लांब रांगा लागत. काका एकदां दोन रात्री गाडीखालीं घोंगडी पसरून निजले होते. त्यांचा डबा घेऊन आम्हांस पाठविलें गेलें. थंडीचे दिवस, बैल उसाच्या वाढ्यावर तोंड मारीत आहेत, ठिकठिकाणीं शेकोट्या, आणि प्रत्येक शेकोटीवर एकच विषय, भाव काय निघणार. आम्हीं काकांना विचारलें, "भाव कोण ठरवितो?" ते म्हणाले, "मुंबईस ठरतो." "त्यांनीं आपला कापूस पाहिला आहे?" ह्यावर शेकोटीभोंवतीं जो हंशा पिकला, त्याचें कारण आम्हांस कळलें नाहीं. पण ज्यानें आपला कापूस पाहिला नाहीं त्यानें ठरविलेल्या भावावर आपल्या बहिणीचें लग्न अवलंबून असतें, ही गोष्ट त्या रात्रीं कळली. कारण काका दुसऱ्या कोणाशीं तेंच बोलत होते. घरीं आल्यावर आम्हीं वर्तमानपत्राचें पहिलें पान प्रथमच वाचून पाहिलें. कापसाचा भाव त्यांत कोठेंच नव्हता. तो आंतल्या पानावर बारीक अक्षरांत होता. महत्त्वाची गोष्ट पहिल्याच पानावर असते असें नाहीं, हाही एक धडाच झाला.

धुळ्यास आबा आम्हांस संध्याकाळीं फिरावयास नेत. कधीं पांझरेच्या कांठीं, कधीं तुरुंगाच्या बाजूस. तुरुंगाची भिंत दाखवून ते सांगत कीं, १९३२ सालीं ह्या भिंतींच्या आंत विनोबा भावे दर रविवारीं गीतेवर प्रवचन करीत. २१ फेब्रुवारी ते १९ जून अशीं १८ प्रवचनें झालीं, आणि तीं साने गुरुजींनीं उतरून घेतलीं, म्हणून आज आपणांस वाचावयास मिळतात. साने गुरुजी म्हणजे आपल्या अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलांतील शिक्षक. १९३० सालीं नोकरी सोडून ते सत्याग्रहांत पडले. आमच्या बालबुद्धीस एक कोडें पडे. तुरुंगांत तर चोर असतात. मग असे सज्जन तेथें कसे? आबा उत्तर देत, "त्या वेळीं राज्य आपलें नव्हतें." हें उत्तर आम्हांस पुरेसें वाटे.

नंदुरबारची हकीकतही त्यांनींच सांगितली. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं तिरंगी झेंडा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. त्यांत शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास हे कोंवळे वीर पडले. शिरीषकुमाराला सोळावें वर्षही पुरें झालें नव्हतें. हें सांगतांना आबांचा आवाज बदले. पण शेवटीं ते आमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत, "त्यांच्यासारखें मरावयाची पाळी तुमच्यावर येऊं नये, म्हणूनच ते गेले. तुम्हीं शिकावें." ह्या दोन्ही गोष्टी आम्हीं मनांत जपून ठेविल्या.

२५ जून १९७५ च्या रात्रीं देशांत आणीबाणी जाहीर झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांनीं आमच्या गल्लींतील एका शिक्षकांस पोलीस घेऊन गेले. ते कोणत्या पक्षाचे होते, तें येथें सांगण्याचें कारण नाहीं. आम्हांस ते ठाऊक होते ते पतंगाची कणी उत्तम बांधून देणारे गृहस्थ म्हणून. गोंधळ, आरडाओरड कांहीं झाली नाहीं. त्यांनीं चहा घेतला, चष्मा पुसला, मुलाच्या डोक्यावरून हात फिरविला आणि गाडींत बसले. कांहीं दिवसांनीं ते नाशिकरोडच्या तुरुंगांत असल्याचें कळलें.

त्या दिवाळींत आम्ही धुळ्यास गेलों, तों मनांत एक प्रश्न घेऊनच. तुरुंगाच्या भिंतीजवळ येतांच आम्हीं तो विचारला. "आबा, आतां तर राज्य आपलें आहे ना? मग गुरुजींना कां धरलें?" आबा चालतां चालतां थांबले. त्यांनीं टोपी काढली, पुन्हां घातली. पांझरेच्या पुलापर्यंत ते एक शब्द बोलले नाहींत. तेथें आल्यावर म्हणाले, "ह्याचें उत्तर मजजवळ नाहीं." मोठ्या माणसाजवळ उत्तर नसतें, हें आम्हीं त्या दिवशीं प्रथम पाहिलें. वाचकहो, आम्हांस राजकारणाची गोडी खरी लागली ती ह्या क्षणापासून. ज्या प्रश्नाचें उत्तर आबांना येत नाहीं, तो प्रश्न लहान नसला पाहिजे, असें आम्हीं ठरविलें.

इकडे घरांत वडिलांचा सक्त हुकूम होता कीं, रस्त्यावर कांहीं बोलावयाचें नाहीं. सरकारी नोकराच्या घरीं भीति किती शांतपणें नांदते, हें ज्यांनीं तें पाहिलें त्यांसच कळेल. वर्तमानपत्रांवर नियंत्रण होतें. रेडिओवर सर्व कांहीं ठीक चाललें होतें. आगगाड्या वेळेवर येतात, हें लोक मोठ्यानें बोलत. बाकीचें हळू बोलत. आम्हांस आवाजाच्या ह्या चढउतारावरून विषय ओळखतां येऊं लागला.

पकडलेल्या शिक्षकांचा मुलगा आमच्याच बाकावर बसे. कित्येक पालकांनीं आपल्या मुलांस त्याच्यापासून दूर राहण्यास सांगितलें होतें. मुलें वाईट नव्हतीं. पण मधल्या सुटींत त्याच्याभोंवतीं जागा रिकामी राहूं लागली. आम्ही त्याच्याबरोबर डबा खात असूं; त्यांत धैर्याचा भाग थोडा आणि त्याच्या आईनें केलेल्या शेंगदाण्याच्या चटणीचा अधिक होता. आमच्या वर्गशिक्षिका ख्रिस्ती होत्या. त्या ह्या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहींत. मात्र हजेरी घेतांना त्याचें नांव आलें कीं त्या वर पाहत व किंचित् हंसत; दुसऱ्या कोणासाठीं त्या वर पाहत नसत.

१९७६ च्या जूनमध्यें वर्गनायकाची निवड करावयाची होती. दरवर्षीं हात वर करून मतें मोजीत. त्या वर्षीं बाईंनीं चपलांचें रिकामें खोकें आणलें, त्याच्या झांकणास भोंक पाडलें व प्रत्येकास कागदाचा तुकडा दिला. "नांव लिहा, घडी घाला, आणि कोणास दाखवूं नका. मलाही नाहीं." तीन उमेदवारांत आमच्या बाकावरचा मुलगाही होता. तो निवडून आला नाहीं. परंतु त्याला चवदा मतें पडलीं. त्याच्याशीं उघडपणें बोलणारे आम्ही वर्गांत तिघे किंवा चौघे होतों! बाईंनीं फळ्यावर आंकडे लिहिले, तेव्हां तो मुलगा फळ्याकडे पाहतच राहिला. मग त्यानें हळूच मागें वळून साऱ्या वर्गावर नजर फिरविली. ते दहा जण कोण, हें त्याला कळणें शक्य नव्हतें व आजही आम्हांस ठाऊक नाहीं. पण त्या दिवसापासून तो मधल्या सुटींत मान वर करून चालूं लागला. मतपत्रिकेची घडी कशासाठीं घालतात, हें नागरिकशास्त्राच्या पुस्तकांत दिलेलें आहे. आम्हीं तें त्या खोक्यापाशीं शिकलों.

१९७७ च्या जानेवारींत निवडणुका जाहीर झाल्या व अटकेंतील माणसें सुटून येऊं लागलीं. आमचे शेजारीही आले. पुष्कळ वाळले होते. गल्लींतील मंडळी प्रथम दबकत, मग मोकळेपणीं त्यांच्या ओट्यावर जमूं लागली. बिल्ले पुन्हां निघाले. आतां चक्रांतील नांगरधारी शेतकरी हें नवीन चिन्ह आलें होतें. परंतु ह्या वेळीं आम्हीं ते गोळा केले नाहींत. बारा वर्षांच्या मुलास ते बिल्ले आतां खेळणें वाटेनात.

मतदानाच्या वेळीं मावशीच्या लग्नाच्या तयारीसाठीं आम्ही धुळ्यास होतों. सकाळीं आबा व आजी मत देण्यास निघाले. आम्ही बरोबर होतों. घरांतील रीत अशी होती कीं, मत म्हणजे आबा सांगतील तें. १९५२ पासून आजीनें ह्याविषयीं कधीं तोंड उघडलें नव्हतें व आबांनाही कधीं विचारावें लागलें नव्हतें. मत देऊन दोघे बाहेर आले. लिंबाच्या झाडाखालीं आबांनीं बोटावरची शाई पाहिली आणि, केवळ बोलावयाचें म्हणून, विचारलें, "काय, दिलें ना बरोबर?" आजीनें पदर सांवरला व आपल्या अहिराणींत उत्तर दिलें, "ते मी कोणलेच सांगाव नही. तुम्हले बी नही."

आबा थक्क झाले. त्यांना राग आला, कीं हंसूं, तें त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. घरीं येईपर्यंत दोघेही गप्प. दोन दिवस आबा तिला निरनिराळ्या युक्त्यांनीं विचारून पाहत होते. लाडू वळतांना विचारलें, लग्नाच्या याद्या करतांना विचारलें. आजी विषय बदली. शेवटीं ते आम्हांस एका बाजूस घेऊन म्हणाले, "चाळीस वर्षें संसार केला, पण तुझ्या आजीची भीति आज प्रथम वाटली." पण हें बोलतांना त्यांच्या डोळ्यांत नवल होतें, आणि नवलाखालीं थोडा अभिमानही असावा.

निकालाच्या रात्रीं ओसरीवर ट्रान्झिस्टरभोंवतीं माणसें जमलीं होतीं. पंतप्रधान इंदिरा गांधी रायबरेलींत स्वतःच पराभूत झाल्याची बातमी आली, तेव्हां कांहींनीं टाळ्या पिटल्या. आबा उठून आंत गेले. त्यांचें वय त्या रात्रीं एकदम वाढल्यासारखें दिसलें. सबंध देशांत जनता पक्षास २९५ जागा मिळाल्या व काँग्रेसला १५४. आमच्या खानदेशानें मात्र कौल विभागून दिला. नंदुरबारेनें काँग्रेसचा उमेदवार निवडला. एरंडोलेनें जनता पक्षाचे सोनूसिंग पाटील निवडले, व ते पुढें केंद्रांत गृहखात्याचे राज्यमंत्री झाले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आबा स्वतः चौकांत जाऊन वर्तमानपत्र घेऊन आले. चुलीजवळ पाट मांडून बसले आणि सर्व निकाल त्यांनीं आजीला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखविले. पूर्वीं ते वर्तमानपत्र मनांतल्या मनांत वाचीत. त्या दिवसापासून मोठ्यानें वाचूं लागले, आणि मध्यें थांबून आजीला विचारूं लागले, "तुला काय वाटतें?" आजीनें आपलें मत कोणास दिलें, हें तिनें अखेरपर्यंत सांगितलें नाहीं.

आमचे शेजारी गुरुजी पुन्हां शाळेंत रुजू झाले. त्यांना हार घालण्यास लोक आले, तेव्हां ते म्हणाले, "आज हार घालतां, ठीक आहे, पण पुन्हां कोणास धरून नेलें तर त्याच्या मुलाशीं बोलत जा." ह्यापलीकडे त्यांनीं कोणाविषयीं कटु शब्द काढला नाहीं.

आम्हांस स्वतः मत देण्याची उत्कंठा फार होती. त्या वेळीं मताधिकारास एकविसाव्या वर्षाची अट होती. आम्ही वर्षें मोजीत बसलों. आमच्या वांट्यास पहिली लोकसभेची निवडणूक आली ती १९८९ ची. आणि त्याच वर्षीं घटनेच्या ६१ व्या दुरुस्तीनें वयाची अट अठरांवर आली होती. रांगेंत आमच्यापुढें अठरा-एकोणीस वर्षांचीं मुलें उभीं होतीं. क्षणभर त्यांचा हेवा वाटला, हें खरें.

त्यानंतर पुष्कळ पाणी तापींतून वाहून गेलें. ७३ व्या घटनादुरुस्तीनें १९९३ पासून ग्रामपंचायतींत स्त्रियांस एकतृतीयांश जागा राखून ठेवण्यांत आल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं त्या निम्म्यावर नेल्या. बोदवड तालुक्यांतील नाडगांवीं जन्मलेल्या व जळगांवांत शिकलेल्या प्रतिभाताई पाटील १९६२ सालीं जळगांवांतून विधानसभेवर गेल्या होत्या. त्या २००७ सालीं भारताच्या पहिल्या स्त्री-राष्ट्रपति झाल्या. हें पाहावयास आजी नव्हती.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या हातांतील दूरध्वनिसंचावर आज क्षणाक्षणाला राजकारण येऊन आदळतें. आम्हांस तें थेंबाथेंबानें मिळालें. तरीही आम्हांस वाटतें कीं, त्याची खरी शाळा अजून जुन्याच ठिकाणीं भरते. तुमच्या नळास पाणी किती वेळ येतें, शेजारच्या शेतकऱ्यास केळीचा भाव काय मिळाला, वर्गांत कोणाच्या बाकावर कोणी बसत नाहीं आणि तें कां, एवढें जरी तुम्हीं डोळे उघडे ठेवून पाहिलें, तरी पुढारी काय बोलतात तें तुम्हांस नीट पारखतां येईल. पक्ष कोणता धरावा, हें सांगण्याचें हें स्थळ नव्हे, आणि तो आमचा अधिकारही नव्हे.

पालकांस मात्र एक विनंती आहे. मुलानें अवघड प्रश्न विचारला तर त्यास गणिताकडे पिटाळूं नये. उत्तर येत असेल तर द्यावें. येत नसेल तर आमच्या आबांसारखें, येत नाहीं, असें स्वच्छ सांगावें. ज्या घरांत बापाला न भितां प्रश्न विचारतां येतो व आजीला न सांगतां मत देतां येतें, त्या घरांतील मुलास स्वराज्य म्हणजे काय, हें निराळें शिकवावें लागत नाहीं. इतकें लिहून हा लेख पुरा करतों.